क्षमा : एका नावाचा अर्थ आणि इतिहास

घरात कन्यारत्न जन्मास आले की नावाचा शोध सुरू होतो. राशीचे अक्षर काढले जाते, आत्याबाई नावांची यादी करतात, आजी-आजोबा धर्माला धरून एखादे नाव सुचवितात आणि बारशाच्या दिवशी पाळण्यातील बाळाच्या कानात ते नाव सांगितले जाते. जैन कुटुंबांत सुचविल्या जाणाऱ्या नावांत 'क्षमा' हे नाव बहुधा असतेच. त्याचा अर्थ विचारला तर वडीलधारी मंडळी कौतुकाने सांगतात, "क्षमा म्हणजे पृथ्वी. पृथ्वीसारखी सहनशील."

वीस-पंचवीस वर्षांनी तीच मुलगी सासरी निघते, तेव्हा हाच अर्थ तिला पुन्हा ऐकविला जातो. मात्र आता त्यात आशीर्वाद कमी आणि अपेक्षा अधिक असते. "नाव क्षमा आहे ना तुझे? मग थोडे सोसायला नको का?" असे बोलणाऱ्यांच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. नावाचा अर्थ तसाच आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, 'क्षमा' या शब्दाचे मूळ कोणते, तो मुलीचे नाव कसा झाला आणि जैन परंपरेने त्यात कोणता अर्थ भरला, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दाचे मूळ

संस्कृतात 'क्षम्' हा धातू आहे. सहन करणे, धीर धरणे, समर्थ असणे असे त्याचे अर्थ आहेत. यांपैकी शेवटचा अर्थ आपण बहुधा विसरतो; परंतु मराठीने तो जपून ठेवला आहे. 'सक्षम', 'अक्षम', 'क्षमता', 'कार्यक्षम' हे नित्याच्या वापरातील शब्द याच धातूपासून आले आहेत. ज्याच्या अंगी काही करण्याची ताकद आहे तो 'क्षम', आणि ज्याला ती नाही तो 'अक्षम'. म्हणजे क्षमा आणि क्षमता या सख्ख्या बहिणी आहेत. प्रतिकार करण्याची शक्ती असूनही जो तो करीत नाही, त्याच्या त्या वृत्तीला क्षमा म्हणावयाचे. ज्याला दुसरा मार्गच उपलब्ध नाही, त्याच्या मुकाट सोसण्याला केवळ निरुपाय म्हणता येईल.

अमरकोशाच्या नानार्थवर्गात 'क्षमा' या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत : एक पृथ्वी आणि दुसरा क्षांती. बारशाच्या दिवशी सांगितल्या जाणाऱ्या अर्थाला असा जुना आधार आहे, यात शंका नाही. तथापि आधुनिक भाषाशास्त्राप्रमाणे हे दोन अर्थ दोन निरनिराळ्या मुळांतून आलेले आहेत. पृथ्वीवाचक शब्दाचे नाते लॅटिन भाषेतील 'ह्यूमस', म्हणजे माती, या शब्दाशी पोहोचते. क्षांतीवाचक शब्द वर सांगितलेल्या धातूपासून निघाला. संस्कृतात दोहोंचे रूप एकसारखे झाले आणि मग, पृथ्वी सर्व काही सोसते म्हणून ती क्षमा, असे त्यांचे सुंदर मीलन कवींनी घडवून आणले.

या ठिकाणी आपल्या परंपरेतील एका थोर आचार्यांचे स्मरण होते. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात 'सिद्धहेमशब्दानुशासन' हा व्याकरणग्रंथ रचला. त्याचा आठवा अध्याय प्राकृत भाषांना वाहिलेला आहे. त्यात आचार्यांनी 'क्षमा' या एका शब्दासाठी स्वतंत्र नियम दिला आहे. पृथ्वी असा अर्थ असेल तर प्राकृतात त्याचे रूप 'छमा' होते आणि क्षांती असा अर्थ असेल तर 'खमा' होते, असे ते सांगतात. संस्कृतात एकरूप झालेले दोन शब्द प्राकृताने वेगळे राखले होते आणि हेमचंद्राचार्यांच्या सूक्ष्म दृष्टीने तो भेद टिपला.

आपल्या प्रतिक्रमणात, खामण्यांत, 'खमासमण' या वंदनेत जो शब्द येतो तो 'खमा' या कुळातील आहे. 'छमा' तेथे कोठेही नाही. तेव्हा जैन घरातील क्षमा ही पायाखाली तुडविल्या जाणाऱ्या भूमीची नावबहीण नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

मुलीचेच नाव का?

क्षमा हा गुण मुलींनाच का वाटून दिला गेला, असा प्रश्न कोणाही विचारी मनुष्यास पडेल. त्याचे उत्तर मात्र अगदी साधे आहे. ते व्याकरणात आहे.

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात दहा उत्तम धर्म सांगितले आहेत : क्षमा, मार्दव, आर्जव, शौच, सत्य, संयम, तप, त्याग, आकिंचन्य आणि ब्रह्मचर्य. दशलक्षण पर्वात एकेका दिवशी एकेका धर्माचे चिंतन होते, ते याच क्रमाला अनुसरून. आता या दहा शब्दांचे संस्कृतातील लिंग पाहावे. संयम आणि त्याग हे पुल्लिंगी आहेत. मार्दव, आर्जव, शौच, सत्य, तप, आकिंचन्य आणि ब्रह्मचर्य हे सात नपुंसकलिंगी आहेत. दहांमध्ये स्त्रीलिंगी शब्द एकच, आणि तो क्षमा. म्हणून संयम, आर्जव ही नावे मुलांना मिळाली आणि क्षमा हे नाव मुलींच्या वाट्यास आले. शब्दाच्या शेवटी आकार आहे एवढेच त्याचे कारण. स्वभावाचा किंवा कर्तव्याचा त्याच्याशी संबंध नाही.

गुणवाचक स्त्रीलिंगी शब्दांना स्त्रीरूप देण्याची ही प्रथा भारतात फार जुनी आहे. विष्णुपुराणात दक्ष प्रजापतीच्या कन्यांची नावे येतात. त्यांत श्रद्धा, धृती, मेधा, लज्जा, शांती, कीर्ती, स्मृती, प्रीती यांच्याबरोबर क्षमाही आहे. ती पुलह ऋषींची पत्नी. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायातील विभूतींच्या वर्णनात स्त्रीवाचक सात गुण एकत्र गणले आहेत आणि त्यांतही शेवटचे नाव क्षमेचे आहे. आज घरोघरी ऐकू येणाऱ्या श्रद्धा, मेधा, कीर्ती, प्रीती, स्मृती या मुली आणि आपली क्षमा एकाच जुन्या कुटुंबातील आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

क्षमाश्रमण

याच्या उलट, जैन इतिहासात हा शब्द प्रामुख्याने कोणाच्या नावाशी जोडलेला आढळतो, हे पाहण्यासारखे आहे. ब्राह्मी, सुंदरी, चंदनबाला, राजीमती आदी सोळा सतींची नावे आपण प्रातःकाळी घेतो. त्यांत क्षमा हे नाव नाही. ते आढळते आचार्यांच्या पदवीत.

वल्लभी येथे आगम ग्रंथारूढ करण्याचे महान कार्य ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले, ते देवर्धिगणी क्षमाश्रमण. कल्पसूत्रातील नोंदीनुसार वीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी, पाठांतराप्रमाणे ९९३ वर्षांनी, ही घटना घडली. 'विशेषावश्यकभाष्य' या प्रचंड ग्रंथाचे कर्ते जिनभद्रगणी हेही क्षमाश्रमण. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत होऊन गेलेले खरतरगच्छाचे विद्वान उपाध्याय क्षमाकल्याण यांच्या नावातही हाच शब्द आहे. दिगंबर परंपरेत आचार्य विद्यासागरजींचे शिष्य मुनी क्षमासागर २०१५ साली समाधिस्थ झाले. ज्ञानाने, तपाने आणि अधिकाराने श्रेष्ठ असलेल्या पुरुषांनी हा शब्द भूषण म्हणून मिरविला.

तत्त्वार्थसूत्रातील दहा धर्म मूलतः मुनींसाठी सांगितलेले आहेत. पूज्यपाद आचार्यांनी 'सर्वार्थसिद्धी' या टीकेत क्षमेचे जे स्पष्टीकरण केले आहे, त्यात आहारासाठी परगृही जाणारा मुनी डोळ्यांपुढे ठेवला आहे. दुर्जनांनी त्याला अपशब्द वापरले, त्याची थट्टा केली, अवहेलना केली, प्रसंगी मारहाण केली, तरी त्याच्या मनात मलिनता उत्पन्न न होणे ही क्षमा होय. आणि तिला 'उत्तम' हे विशेषण कशासाठी? कोणताही ऐहिक लाभ मनात धरून केलेली क्षमा येथे अभिप्रेत नाही, हे सांगण्यासाठी. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून राग गिळणारा व्यापारी चतुर असेल. परंतु ती उत्तम क्षमा नव्हे. घराबाहेर काढतील या भीतीने गप्प बसणाऱ्या सुनेचे गप्प बसणे हीदेखील उत्तम क्षमा नव्हे. तिच्यावर ती वेळ आणणाऱ्यांनी तरी तिला त्या नावाने गौरवू नये.

महाभारताच्या उद्योगपर्वात विदुरानेही हेच वेगळ्या रीतीने सांगितले आहे. क्षमाशील मनुष्याच्या ठिकाणी एकच उणीव दिसते, ती म्हणजे लोक त्याला दुबळा समजतात. परंतु ती उणीव मानू नये, कारण क्षमा हे मोठे बळ आहे, असा त्याच्या उपदेशाचा आशय आहे.

देणे आणि मागणे

जैन परंपरेचे खरे वैशिष्ट्य याच्याही पुढे आहे. इतरत्र क्षमा करण्याचा महिमा गायिला जातो. आपल्याकडे क्षमा मागण्याला पर्वाचे स्थान मिळाले. 'क्षमापना' हा शब्द प्रयोजक रूपावरून घडला आहे. समोरच्याने क्षमा करावी असे आपण वागणे, म्हणजेच क्षमायाचना करणे, असा त्याचा अर्थ. 'मिच्छा मि दुक्कडं' यात तर 'माझे दुष्कृत मिथ्या होवो' एवढीच प्रार्थना आहे. त्यात दुसऱ्याच्या दोषाचा उच्चारही नाही. पर्युषणाच्या अंती येणारी संवत्सरी असो, की दशलक्षण पर्वानंतर भाद्रपद वद्य प्रतिपदेस येणारी क्षमावाणी असो, दोहोंचा गाभा हाच आहे.

व्यापारी समाजाला द्विनोंदी पद्धत नव्याने समजावून सांगावी लागत नाही. जमेची नोंद झाली की नावेची नोंद व्हावीच लागते. एकाच बाजूला लिहीत गेले तर मेळ बसत नाही. क्षमेचेही तसेच आहे. घरातील एकाच व्यक्तीच्या खात्यावर क्षमा करण्याच्या नोंदी पडत राहिल्या आणि मागण्याचे पान इतरांनी कोरेच ठेवले, तर त्या वहीत कोठेतरी चूक आहे असे समजावे.

ही गोष्ट शास्त्रकारांनीही ओळखली होती. कल्पसूत्राच्या समाचारी विभागात वर्षावासात साधूंमध्ये कलह झाल्यास काय करावे, याचा नियम आहे. लहानाने मोठ्याची क्षमा मागावी, आणि मोठ्यानेही लहानाची मागावी. जो शांत होतो तोच आराधक. जो होत नाही तो नव्हे. उपशम हेच श्रमणधर्माचे सार, असे तेथे म्हटले आहे. वयाचा, दीक्षापर्यायाचा किंवा अधिकाराचा अपवाद त्यात ठेवलेला नाही.

या नियमाचे सर्वांत तेजस्वी उदाहरण उपासकदशांग सूत्रात आहे. वाणिज्यग्रामचा आनंद श्रावक अंतिम अनशनात असताना त्याला अवधिज्ञान प्राप्त झाले. प्रथम गणधर गौतमस्वामी त्याच्याकडे आले असता त्याने ते निवेदन केले. गृहस्थाला एवढे विस्तृत ज्ञान होऊ शकत नाही, असे वाटून गौतमस्वामींनी त्याला आलोचना व प्रायश्चित्त घेण्यास सांगितले. आनंद गप्प बसला नाही. प्रायश्चित्त सत्य बोलणाऱ्याने घ्यावयाचे असते की असत्य बोलणाऱ्याने, असे त्याने विनयाने विचारले. गौतमस्वामींनी प्रभू महावीरांना ही गोष्ट सांगितली. आनंदाचे म्हणणे खरे आहे, त्याची क्षमा मागावी, असे प्रभूंनी सांगितले. चौदा हजार साधूंत अग्रणी असलेले गणधर एका गृहस्थाच्या दारी परत गेले आणि त्यांनी त्याची क्षमा मागितली. या कथेत गौतमस्वामींची नम्रता जितकी मोठी, तितकेच आनंदाचे सत्यकथनही मोलाचे आहे. क्षमाशील असणे म्हणजे खरे न बोलणे नव्हे.

दुसरी कथा दोन स्त्रियांची आहे. कौशांबीची राणी मृगावती दीक्षा घेऊन आर्या चंदनबालेची शिष्या झाली होती. श्वेतांबर परंपरेनुसार एकदा चंद्र-सूर्य प्रत्यक्ष समवसरणात आले. त्या प्रकाशात दिवस मावळल्याचे मृगावतीच्या ध्यानी आले नाही आणि उपाश्रयात परतण्यास तिला उशीर झाला. चंदनबालेने तिला कठोर शब्दांत दोष दिला. मृगावतीने मनापासून क्षमा मागितली आणि पश्चात्तापाच्या निर्मळ भावनेत तिला केवलज्ञान झाले. त्या दाट अंधारात एक सर्प चंदनबालेच्या हाताजवळून जात होता. मृगावतीने तिचा हात हळूच बाजूला सारला. जाग्या झालेल्या चंदनबालेने विचारले, "एवढ्या अंधारात तुला सर्प दिसला कसा?" उत्तरातून शिष्येला केवलज्ञान झाल्याचे उमगताच गुरुणीने शिष्येची क्षमा मागितली, आणि त्या क्षणी तिलाही केवलज्ञान झाले. एकीने क्षमा मागितली आणि कथा तेथेच संपली, असे येथे घडत नाही. दुसरीनेही मागितली, तेव्हाच ती पूर्ण झाली.

तिसरी कथा राजसत्तेची. सिंधु-सौवीरचा राजा उदायन याने उज्जयिनीच्या चंडप्रद्योताला युद्धात जिंकून बंदी केले होते. परतीच्या वाटेवर पावसामुळे दशपूर, म्हणजे आजचे मंदसौर, येथे तळ पडला असता पर्युषण पर्व आले. उदायनाचा उपवास होता. आचाऱ्याने चंडप्रद्योताला भोजनाविषयी विचारले, तेव्हा विषप्रयोगाच्या शंकेने, आपलाही उपवास असल्याचे त्याने सांगितले. हे कळताच उदायन विचारात पडला. एका सहधर्मीला बेड्यांत ठेवून आपण त्याला खमाविणार कसे? त्याने चंडप्रद्योताला मुक्त केले, त्याचे राज्य परत दिले आणि त्याच्या कपाळावरील मानहानीकारक डाग सुवर्णपट्टाने झाकविला. बेडी न काढता उच्चारलेली क्षमा निष्फळ आहे, हा या कथेचा बोध केवळ राजांपुरता नाही. वर्षभर जिला बोलण्याची मुभा नसते, तिच्यापुढे संवत्सरीच्या दिवशी हात जोडताना प्रत्येक घराने तो आठवावा.

महाराष्ट्रातील एक क्षमा

मराठी मुलखात हे नाव धारण करणाऱ्या एका विदुषीचा उल्लेख केल्याविना हा लेख पुरा होणार नाही. पंडिता क्षमा राव यांचा जन्म १८९० साली पुण्यात झाला. त्यांचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे वेदांचे व संस्कृताचे प्रकांड अभ्यासक होते. १८९४ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा क्षमा अगदी लहान होत्या. पुढे त्यांनी संस्कृतावर असे प्रभुत्व मिळविले की महात्मा गांधींच्या लढ्यावर 'सत्याग्रहगीता' हे काव्य त्यांनी संस्कृतात रचले. ते १९३२ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रे त्यांनी संस्कृत पद्यात लिहिली. ज्या वडिलांचा सहवास त्यांना फारसा लाभला नाही, त्यांचे चरित्रही त्यांनी 'शंकरजीवनाख्यानम्' या काव्याद्वारे अजरामर केले. १९५४ साली त्या निवर्तल्या. त्यांची कन्या लीला राव ही १९३४ साली विंबल्डनच्या टेनिस स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.

पंडिता क्षमा राव जैन नव्हत्या. परंतु नावाचा अर्थ त्यांच्या जीवनात स्पष्ट दिसतो. सत्याग्रह म्हणजे तरी काय? अन्याय सोसत बसावयाचे नाही, त्याला ठाम नकार द्यावयाचा. मात्र अन्याय करणाऱ्याविषयी मनात वैर धरावयाचे नाही. क्षमा आणि क्षमता यांचा असा संगम ज्या लढ्यात झाला, त्याचे काव्य क्षमा नावाच्या स्त्रीने लिहावे, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

नाव ठेवताना

उत्तराध्ययन सूत्राच्या एकोणतिसाव्या अध्ययनात, क्षमापनेने जीवाला काय प्राप्त होते, असा प्रश्न विचारला आहे. त्याच्या उत्तराचा आशय असा की, क्षमापनेने चित्त प्रसन्न होते, प्रसन्न चित्तातून सर्व जीवांविषयी मैत्रीभाव उपजतो, आणि मैत्रीभाव शुद्ध झाला की जीव निर्भय होतो. प्रसन्नता, मैत्री आणि निर्भयता, या क्रमाने हे फळ सांगितले आहे. ज्या घरात क्षमा नावाची मुलगी भीतीने वावरते, त्या घराला तिच्या नावाचा अर्थ अद्याप कळलेला नाही, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा यापुढे बारशाच्या दिवशी कोणी या नावाचा अर्थ विचारला, तर "पृथ्वीसारखी सहनशील" एवढ्यावर थांबू नये. क्षमा म्हणजे समर्थ. क्षमा म्हणजे वैर न धरता खरे बोलणारी. आणि क्षमा हे नाव मुलीला दिले असले, तरी तो धर्म घरातील सर्वांनी पाळावयाचा आहे, हेही त्याच वेळी सांगावे. पाळण्यातील मुलीला या नावाबरोबर आपण काही देत असू, तर ते एक वचन असते : तुझ्या बाबतीत आमचे चुकले, तर वयाने मोठे असलो तरी आम्ही तुझी क्षमा मागू.

आपल्या संस्थेच्या वाटचालीला पन्नास वर्षे पूर्ण झाली, म्हणजे समाजाने एकत्र येऊन पन्नास वेळा क्षमापना केली. दिवाळीच्या वहीपूजनानंतर जुन्या वहीतील बाकी नव्या वहीत ओढली जाते. व्यवहारात ते योग्यच आहे. वैराची बाकी मात्र पुढे ओढावयाची नसते, म्हणून तर वर्षातून एक दिवस पूर्वजांनी राखून ठेवला. त्या दिवशी मंदिराच्या आणि स्थानकाच्या पायरीवर भेटणाऱ्या परिचितांना हात जोडण्यापूर्वी, ज्येष्ठांनी प्रथम आपल्या उंबरठ्याच्या आत पाहावे. लेक, सून, पत्नी, भगिनी यांपैकी जिचे देणे राहिले असेल, तिच्यापुढे प्रथम हात जोडावेत. तिचे नाव क्षमा असो वा नसो.